कालवडीला लागतात अडीच वर्षं

डेअरीच्या खिडकीत वहिनी एकोणीस वर्षं बसल्या. सकाळी साडेपाच ते नऊ, संध्याकाळी पाच ते साडेसात. समोर फॅट मोजायचं यंत्र, डाव्या हाताला नमुन्याच्या बाटल्यांचा ट्रे, उजव्या हाताला पावत्यांचं मशीन आणि पाठीमागच्या भिंतीवर काळा फळा. त्या फळ्यावर दुधाचा दर. दर दहा दिवसांनी वरून फोन यायचा, की वहिनी ओला फडका घेऊन स्टुलावर चढायच्या, जुना आकडा पुसायच्या, नवा लिहायच्या. आकडा चढलेला असला तर रांगेतून कुणीतरी म्हणायचं, "अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं!" उतरलेला असला तर सगळे असे गप्प, जणू तो वहिनींनीच आपल्या मनाने उतरवला.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात माणसं दोनच, नवरा आणि त्याचा शाळकरी भाऊ. सासूसासरे आधीच गेलेले. तो धाकटा दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत असायचा, ते ऐकून शेजारणी वहिनी म्हणू लागल्या, आणि पुढे तर सत्तरीचे म्हातारेही दुधाची किटली खिडकीत ठेवून "वहिनी, जरा नीट ढवळून घ्या" म्हणायचे. नवऱ्याचंही तसंच. जळलेल्या मोटारींना नवी तार भरायचं त्यांचं दुकान होतं, म्हणून ते मिस्त्री.

खिडकीतून माणसाला फारसं दिसत नाही. समोरच्याचा हात, किटली, फार तर हनुवटी. पण वहिनींना त्यातूनच एक गोष्ट कळली, आणि ती कुणी शिकवली नाही. दर चढला की महिन्याभरात लोकांच्या बोलण्यात गाई वाढू लागतात. "दोन आणखी घेतोय", "वासरू विकलं नाही यंदा, राखलंय." सगळेच राखतात. वासराची कालवड होऊन ती गाभण राहायची, व्यायची आणि दुधात यायची म्हणजे अडीच वर्षं. अडीच वर्षांनी सगळ्यांच्याच कालवडी एकदम दुधात येतात, टँकरला दुसरी खेप करावी लागते, आणि वरून फोन येतो. वहिनी फडका घेऊन स्टुलावर चढतात. मग लोक वैतागून गाई काढतात, वासरं तर येईल त्या किमतीला. दूध आटतं. दर चढतो. पुन्हा तेच.

पहिल्यांदा हे त्यांनी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. म्हणाले, "एवढं साधं असतं तर सगळ्यांनाच कळलं असतं."

"सगळ्यांना कळतं. पण दर चढलेला असताना कळून उपयोग काय? तेव्हा हातात पैसा असतो आणि अंगात जोर."

नोकरीच्या चौथ्या वर्षी दर असा बसला की लोक किटल्या आपटायला लागले. एक म्हातारा रिकामी किटली विसळता विसळता म्हणाला, "वासरं नेतेस का गं दोन? बाजारात न्यायची तर टेम्पोचं भाडंसुद्धा सुटायचं नाही." वहिनींनी त्याच संध्याकाळी दोन्ही घरी आणली. मिस्त्रींच्या दुकानामागे जळक्या मोटारींचा ढीग होता, तो हलवून जागा केली. वासरू बादलीतलं दूध आपण होऊन पीत नाही. दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखू लागलं की हात हळूहळू खाली नेत बादलीत बुडवायचा. वहिनींना ते चौथ्या दिवशी जमलं. एक वासरू हगवणीने गेलं. दुसरं जगलं, वाढलं, गाभण राहिलं. तोवर दर चढला होता आणि लोक गाभण कालवडींच्या शोधात गावोगाव फिरत होते. त्या एका कालवडीच्या पैशात मागच्या जागेवर पत्र्याचं छप्पर झालं.

पुढच्या मंदीत वहिनींनी अकरा वासरं घेतली. त्याच्या पुढच्या मंदीत चाळीस. तेव्हा नोकरी सोडली, शिंप्याचा टेप गळ्यात आणि पायात गमबूट, असा त्यांचा वेश झाला. टेप छातीचा घेर मोजायला. घेरावरून वजन, वजनावरून कालवड भरवायची, म्हणजे गाभण करायची, वेळ. लळा वगैरे त्यांना लागला नाही, किंवा लागला असेल तर बोलून दाखवला नाही. कालवडींना त्या नावं ठेवत नसत, कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे दोन आकडे पुरत. विकलेली कालवड टेम्पोत चढली की त्या आधी दावणीची जागा धुवायला घेत.

धाकट्याचं याच्या बरोबर उलट होतं. त्याचं लग्न झालं, दोन घरं पलीकडे त्याने वेगळा संसार मांडला, गोठा बांधला. माणूस कष्टाळू, जनावराला जपणारा, पण त्याचं प्रत्येक वेळी वरातीमागून घोडं. दर शिखरावर असताना महागाची गाय आणायचा आणि दर तळाला गेला की तीच निम्म्यात काढायचा. तरी रोज दुपारी चारला तो वहिनींकडे चहाला यायचा. हा नेम शाळेपासूनचा. शाळा सुटली की तो दप्तर टाकून आधी चुलीपाशी बसायचा, आता गमबूट दारात काढून बसायचा, एवढाच फरक.

एक दिवस त्याने सरळच विचारलं. "वहिनी, मी नेमकं कधी घ्यायचं आणि कधी विकायचं? एकदाचं सांगून टाका."

वहिनींनी सांगितलं. हातचं काही राखलं नाही. कागदावर रेघ काढून वरखाली दाखवलं. "दुधाचा दर पडेल तेव्हा वासरं घ्या, भाऊजी. गाई विकू नका, वासरं घ्या. आणि अडीच वर्षं कुणाचं ऐकू नका."

"बस? एवढंच?"

"एवढंच. पण ते अडीच वर्षांचं ऐकलंत ना?"

त्याने ऐकलं. आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, बायकोच्या भावाला सांगितलं, पेंडीच्या दुकानात बसलेल्या चौघांना सांगितलं. त्याची बायको पुढे म्हणायची, "आमच्या ह्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. वहिनींनी सांगितलं ते ठीक, पण ह्यांना नको होतं सांगायला." चांगली गोष्ट आपल्याला कळली की ती वाटावी, असा त्याचा स्वभाव होता. त्यात त्याचा स्वार्थ काडीचाही नव्हता.

दीड वर्षाने दूध पडलं. वहिनींनी दोन आठवडे वाट पाहिली, टेम्पो ठरवला आणि सकाळी सातला वासरांच्या बाजारात गेल्या. गोल लोखंडी कठडा, मध्ये भुसा टाकलेली मोकळी जागा, एका बाजूला उंचावर बोली पुकारणारा. वासरू आत सोडायचं, ते भांबावून एक चक्कर मारायचं, तेवढ्यात सौदा व्हायचा. वहिनींनी पहिल्या तीन वासरांचे आकडे ऐकले आणि शेजारच्या दलालाकडे वळल्या. तो त्यांचा जुना ओळखीचा.

"दूध उतरलंय आणि वासरू चढलंय? हे कसं काय?"

दलाल हसला. "तुम्ही येणार म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे वहिनी, दूध पडलं की तुम्ही घेता. मग ते तुमच्या आधी घेतात. तुमच्याच गल्लीतली माणसं बघा, समोर उभी आहेत."

वहिनींनी कठड्यापलीकडे पाहिलं. पेंडीच्या दुकानातले चौघे होते. धाकट्याच्या बायकोचा भाऊ होता. आणि पुढच्याच रांगेत धाकटा, हात वर केलेला, चेहरा उजळलेला. त्यानेही वहिनींना पाहिलं, मान हलवली. तोवर त्याची पाच वासरं झाली होती. बाजूच्या कप्प्यात त्याच्या निळ्या खुणेची पाच पाठ करून उभी होती. कठड्याला वळसा घालून पलीकडे जायला मिनिटभर लागलं असतं.

वहिनी गेल्या नाहीत. त्या उभ्या राहून ऐकत राहिल्या. एवढ्या घरांत एवढी वासरं; ती सगळी अडीच वर्षांनी एकाच मोसमात व्यायला येणार. शिवाय एवढ्या वासरांना जागा आणि चारा लागणार, म्हणजे हे लोक दुधाच्या गाई काढणार. दुधाच्या गाई निघाल्या की दूध नेहमीपेक्षा लवकर आटणार. हे सगळं त्यांच्या डोक्यात एकामागून एक लागत गेलं, आणि ते लागत असताना समोर धाकट्याचा हात वर होत राहिला. अकरा. चौदा. सतरा. मग त्या निघाल्या. रिकामा टेम्पो घेऊन घरी आल्या, भाडं पूर्ण दिलं.

चारला धाकटा चहाला आला, तो आनंदात. "वहिनी, एकही नाही आणलंत? तब्येत बरी आहे ना?"

"भाऊजी, आता सगळ्यांनीच घेतली. अडीच वर्षांनी सगळेच विकायला उभे राहतील. घेणारा कोण?"

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे मी काय करू? परत विकू?"

"आज विकाल तर लगेच मार खाल. राहू द्या. पण दुधाच्या गाई मात्र काढू नका."

त्याने दोनच दिवसांत तीन गाई काढल्या. काढल्या नाहीत तर वासरं बांधायची कुठे, हा त्याचा प्रश्न होता.

महिन्याभरात बाजारात दुधाच्या गाईंची रांग लागली. पाचव्या-सहाव्या वेताच्या, कास लोंबलेल्या, पण दूध देणाऱ्या. वहिनींनी नऊ घेतल्या. मिस्त्री दारात उभे राहून त्या उतरताना बघत होते. "अगं, तू आयुष्यात विकण्यासाठी धार काढली नाहीस. आणि आता तुझी बोटं..." वहिनींच्या बोटांचे सांधे तेव्हा सुजू लागले होते, सकाळी मूठ मिटत नसे.

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. बंद पडलेल्या त्या फार्मवर दूध काढायचं मशीन धूळ खात पडलंय. मोटार जळलीय म्हणतात."

मिस्त्रींनी मोटार भरली, नळ्या बदलल्या, आणि पंधरा दिवसांनी पहाटे गोठ्यात मशीनची टकटक सुरू झाली. दूध घेऊन वहिनी डेअरीच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहिल्या, ज्या बाजूला त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आत आता दुसरीच मुलगी बसायची. आठ महिन्यांत दर चढला, इतक्या लवकर तो कुणाच्या आठवणीत चढला नव्हता. गल्लीत विकायला दूध होतं ते वहिनींकडे. बाकीच्यांच्या गोठ्यात वाढत्या कालवडी होत्या, खाणाऱ्या आणि काही न देणाऱ्या.

मग ती अडीच वर्षं भरली. विजेच्या प्रत्येक खांबावर 'गाभण कालवडी विकणे आहे' अशी चिठ्ठी लागली. काही खांबांवर चारचार. धाकट्याची दोन वासरं मेली होती, पंधरा कालवडी झाल्या होत्या, आणि त्या देखण्या होत्या हे शत्रूनेही मान्य केलं असतं. तो त्यांना दोनदा बाजारात घेऊन गेला आणि दोनदा परत घेऊन आला. मिळणाऱ्या पैशात त्यांनी खाल्लेली पेंडही निघत नव्हती. चारचा चहा बंद झाला.

एका दुपारी तो आला, पण बसला नाही. गमबूटही काढले नाहीत. दारातच उभा राहिला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून घेतली, वहिनी."

"हो."

"आणि स्वतः घेतली नाहीत."

"तुम्ही सगळ्यांनी घेतलीत म्हणून नाही घेतली. तसं सांगितलं होतं मी तुम्हाला, त्याच दिवशी."

"दुपारी! दुपारी चहाला सांगितलंत. मी सकाळी तुम्हाला तिथे पाहिलं. मला वाटलं, वहिनी बघतायत आणि काही बोलत नाहीत, म्हणजे आपलं बरोबर चाललंय." त्याचा आवाज चढला नव्हता. "नाहीतर मी पाचवरच थांबणार होतो."

धाकटा वळला आणि निघून गेला. मिस्त्री आतून सगळं ऐकत होते. त्या दिवशी दुकान उघडायला ते उशिरा गेले.

पुढे दीड महिना दोन घरांत बोलणं नव्हतं. मग एका सकाळी, वहिनी डेअरीहून परतत असताना, धाकट्याची बायको धावत आली. "जाऊबाई, चला. कालपासून चार व्यायल्या, पाचवीचं वासरू अडकलंय. डॉक्टर दुसऱ्या गावी आहे. ह्यांनी पाठवलं नाही मला, मीच आले."

वहिनी किटल्या रस्त्याकडेला ठेवून तशाच गेल्या. कालवड आडवी पडली होती, वासराचे पुढचे दोन पाय दिसत होते, डोकं मागे वळलेलं होतं. वहिनींनी कोपरापर्यंत हाताला साबण लावला, आत हात घातला, दुखऱ्या बोटांनी नाकाडं चाचपून डोकं सरळ केलं. धाकट्याने पायांना दोरी बांधली. कळ आली की दोघांनी ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. "आता." "थांबा." "आता." दीड महिन्यात दोघं तेवढंच बोलले. वासरू आलं. ओलं, लांबुडकं, जिवंत.

बादलीत हात धुताना वहिनी म्हणाल्या, "मला कळलं होतं त्या सकाळी. तुमची पाच झाली होती तेव्हाच."

धाकटा दोरी धूत होता. थांबला.

"मग?"

"मी मोजत होते. कोण किती घेतंय, पुढे काय होईल. तुम्हीही त्या मोजण्यात होता."

त्याने दोरी पिळून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "सहावीही आज-उद्याच व्यायला झालीय."

"मशीन इकडे आणते," वहिनी म्हणाल्या. "पंधरांची धार तुम्ही दोघं हाताने काढाल तर महिन्यात हात गळून पडतील."

मशीन हातगाडीवर आलं. आपल्या नवांपैकी सहा आटत आलेल्या गाई वहिनींनी पडत्या भावात काढल्या, तीन धाकट्याच्या गोठ्यात आणून बांधल्या. विकून मिळत नाही तर दूध काढून खाणं भागवायचं, एवढाच विचार होता. त्यात हुशारी काही नव्हती. पहाटे चारला दोन घरांचे चौघे गोठ्यात. मिस्त्री मोटारीकडे बघणार, धाकटा चारा टाकणार, दोघी जावा कास धुऊन कप लावणार. दर सव्वा वर्ष वर आलाच नाही. दूध गेलं आणि पेंड आली, असं ते वर्ष गेलं. शिल्लक काही पडली नाही, कष्टाला दाम नाही, पण एकही गाय मातीमोल गेली नाही. पेंडीच्या दुकानातल्या चौघांपैकी तिघांनी तोवर गोठे रिकामे केले होते.

दर चढला तेव्हा दुसऱ्या वेताच्या गाईंना गिऱ्हाईक दारात आलं. धाकट्याने आठ विकल्या, बऱ्या पैशाला. निम्मे पैसे त्याने वहिनींपुढे ठेवले, ते त्यांनी घेतले नाहीत. बराच वाद झाला. शेवटी तो म्हणाला, "पैसे नको तर गाई घ्या. उरलेल्या दहांतल्या चार. पहिली निवड तुमची, आणि आता नाही म्हणाल तर मी पुन्हा चहाला येणार नाही."

वहिनी रांगेतून फिरल्या. टेप गळ्यातच राहिला. एक लंगडी निवडली, एक म्हातारपणाकडे झुकलेली स्वतःचीच जुनी, एक लाथा मारणारी, आणि एक तीन सडांची.

"तीन सडांची कोण घेतं, वहिनी?"

"मी घेते. चौथ्या कपाला मिस्त्री बूच करून देतील."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, चौघींची दावी सोडली आणि स्वतः वहिनींच्या गोठ्यात नेऊन बांधली.

त्यानंतर वहिनी बाजारात गेल्या नाहीत. लोक अजून विचारायला येतात, आता घ्यावं की विकावं. दर चढो वा उतरो, त्यांच्या गोठ्यात कालवड जन्मली की ती राहते, आणि दावण भरली की सगळ्यात जुनी गाय जाते. मंदीत जाते तर मंदीच्या भावाने, तेजीत तर तेजीच्या. यात पूर्वीइतकं सुटत नाही हे त्या स्वतःच सांगतात, आणि विचारणाऱ्याने पुढचा प्रश्न काढायच्या आत त्याला पेंडीच्या पोत्याचं दुसरं टोक धरायला लावतात.